संगणक-कक्षातील ऊर्जाव्यय आणि एका गुणोत्तराची मर्यादा

सर्व्हर-कक्ष म्हणजे, पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले असता, विजेचे उष्णतेत रूपांतर करणारी एक खोली होय. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल. परंतु त्यात अतिशयोक्ती नाही. पाण्याच्या पंपाला दिलेल्या विजेचा काही भाग वर चढविलेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने शिल्लक राहतो. विद्युत्-विघटनाच्या कारखान्यात तो रासायनिक बंधांत साठतो. संगणकाच्या बाबतीत असे काही शिल्लक राहत नाही. गणिताचे उत्तर कागदावर उमटो अथवा तारेवरून परदेशी जावो, ते काढण्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा जवळजवळ पूर्णांशाने उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. ५ किलोवॉट वीज घेणारी सर्व्हरची रॅक ही ५ किलोवॉटची शेगडीच समजावी. ही शेगडी वर्षाचे ८,७६० तास पेटती ठेवावयाची आणि तिच्या भोवतालची हवा मात्र थंड राखावयाची, असा हा दुहेरी खर्चाचा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही खर्चांचा आणि ते मोजण्यासाठी गेल्या दोन दशकांत रूढ झालेल्या एका गुणोत्तराचा विचार करावयाचा आहे. त्या गुणोत्तराने पुष्कळ शिकविले यात शंका नाही. तथापि आपल्या विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील लहान कक्षांच्या बाबतीत, दोष जेथे आहे तेथे ते बोट ठेवीत नाही, किंबहुना कधी कधी सुधारणेलाच दोष ठरविते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. २०२० साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एरिक मासानेट व त्यांचे सहकारी यांनी जगातील डेटा सेंटरांच्या वीजवापराचा हिशेब मांडला. २०१० ते २०१८ ह्या काळात त्यांतील संगणनाचे काम सुमारे साडेसहा पट झाले. वीज मात्र अवघी ६ टक्क्यांनी वाढून २०१८ साली सुमारे २०५ अब्ज युनिटांवर गेली. काम सहापटीहून अधिक वाढावे आणि इंधन जवळपास तेवढेच लागावे, असे उदाहरण उद्योगांच्या इतिहासात क्वचितच आढळेल. परंतु हा सुखद काळ टिकला नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार २०२४ साली हा वापर सुमारे ४१५ अब्ज युनिटांवर, म्हणजे जगातील एकूण विजेच्या सुमारे दीड टक्क्यावर, पोहोचला असून २०३० पर्यंत तो सुमारे ९४५ अब्ज युनिट होईल, असा तिचा अंदाज आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी यंत्रे हे ह्या वाढीचे मुख्य कारण होय. भारतात डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा समूह मुंबई व नवी मुंबई येथे, विशेषतः ऐरोली, रबाळे व महापे ह्या पट्ट्यात, आहे. समुद्राखालील दळणवळण-तारा मुंबईच्या किनाऱ्याला येऊन मिळतात, हे त्याचे एक कारण. तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशीच उभा आहे.

ज्या गुणोत्तराचा वर उल्लेख केला त्याला ह्या व्यवसायात ‘पीयूई’ म्हणतात. ‘ग्रीन ग्रिड’ ह्या संघटनेने २००७ पासून त्याचा पुरस्कार केला आणि २०१६ साली त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे रूप मिळाले. व्याख्या अगदी सोपी आहे: संपूर्ण कक्षाला लागलेली वीज भागिले त्यांपैकी प्रत्यक्ष संगणकांना पोहोचलेली वीज. गुणोत्तर २ असेल तर संगणकाच्या प्रत्येक युनिटामागे आणखी एक युनिट वातानुकूलन, यूपीएस, दिवे इत्यादींत गेले असे समजावयाचे. आदर्श मूल्य १. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २००७ साली ह्या गुणोत्तराची सरासरी २.५ होती, २०२४ साली ती १.५६ आढळली. गूगलसारख्या कंपन्यांच्या प्रचंड केंद्रांतून ते १.१ च्या आसपास आले आहे.

ही सुधारणा कशी साधली? वाचकांस वाटेल की एखादे नवे अद्भुत यंत्र निघाले असावे. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग शाळेत शिकविल्या जाणाऱ्या उष्णताशास्त्रातून निघालेला आहे. एका किलोवॉट उष्णतेला १० अंश सेल्सिअसच्या तापमानवाढीसह वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे ८३ लिटर हवा लागते. म्हणजे ५ किलोवॉटच्या रॅकला सेकंदाला सुमारे ४१५ लिटर. ही हवा सर्व्हरच्या तोंडातून थंड आत जावी आणि पाठीतून गरम होऊन बाहेर पडावी, एवढीच अपेक्षा. परंतु बाहेर पडलेली गरम हवा रॅकच्या माथ्यावरून अथवा मधल्या रिकाम्या खणांतून वळून पुन्हा तोंडाशी आली, तर वरच्या बाजूचे सर्व्हर तापतात. मग कक्ष सांभाळणारा मनुष्य वातानुकूलन यंत्राचा आकडा २२ वरून १८ वर आणतो. दोष मिसळण्याचा असतो, दंड मात्र शीतकरणाला बसतो.

आपल्याकडील पुष्कळ लहान कक्षांत रॅकच्या रांगा वर्गातील बाकांप्रमाणे सर्व एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या असतात. अशा मांडणीत दुसऱ्या रांगेने पहिल्या रांगेचा उच्छ्वास घ्यावयाचा आणि तिसरीने दुसरीचा, हे ओघानेच आले. रांगा तोंडासमोर तोंड व पाठीला पाठ अशा ठेवल्या की एक गल्ली थंड हवेची व एक गरम हवेची होते. रिकाम्या खणांवर पत्र्याची झाकणे बसवावी, तारांसाठी पाडलेली भोके बुजवावी आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना जाड प्लॅस्टिकचे पडदे सोडावे, म्हणजे बहुतेक काम झाले. सुताराचे व लोहाराचे हे काम एखाद्या आठवड्यात पुरे होण्याजोगे आहे. त्यापासून होणारा लाभ दुहेरी असतो. हवा मिसळत नसल्यामुळे कमी हवा पुरते. आणि पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे गती ८० टक्क्यांवर आणली तरी वीज जवळजवळ निम्मी होते. निसर्गनियम इतक्या उदारपणे परतफेड करतो असे प्रसंग थोडेच.

दुसरा लाभ तापमानाचा. सर्व्हर-कक्षात शिरताच हुडहुडी भरली पाहिजे, अशी एक समजूत अद्याप दृढ आहे. थंडी हे जणू व्यवस्थेच्या चोखपणाचे लक्षण मानले जाते. ‘अॅश्रे’ ह्या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ साली सर्व्हरच्या तोंडाशी २० ते २५ अंश तापमानाची शिफारस केली होती. २००८ साली तिने ती मर्यादा १८ ते २७ अंशांपर्यंत वाढविली. म्हणजे २५-२६ अंशांना सर्व्हरला काहीही बाधा होत नाही. ह्याचा लाभ किती हे कार्नोच्या सिद्धांतावरून काढता येईल. शीतक यंत्र ७ अंशांचे पाणी देत असेल आणि ४० अंशांना उष्णता बाहेर टाकीत असेल, तर एका युनिटात अधिकात अधिक ८.५ युनिट उष्णता उचलता येईल. तेच पाणी १८ अंशांचे चालत असेल, तर १३.२ युनिट. प्रत्यक्ष यंत्रे ह्या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहतात, परंतु फरकाची दिशा तीच असते.

आता हवामानाचा मुद्दा. बाहेरची हवाच पुरेशी थंड असेल तर शीतक यंत्र चालविण्याचे प्रयोजनच उरत नाही. ह्याच कारणास्तव फेसबुकने २०१३ साली स्वीडनच्या उत्तर भागात लुलिओ येथे केंद्र उघडले. आपल्या येथे ते शक्य नाही. परंतु पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा किती थंड करता येईल हे जे तापमापकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळून कळते, ते ओल्या फुग्याचे तापमान आपल्याला उपयोगी पडते. उन्हाळ्याच्या दुपारी पुण्यात पारा ३८ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर हे तापमान सुमारे २१ अंश येते. मुंबईत पावसाळ्यात ३२ अंश व ७५ टक्के आर्द्रता असली, तर ते २८ अंश. म्हणजे अंगाची लाही करणारी पुण्याची दुपार सर्व्हरच्या दृष्टीने मुंबईच्या सौम्य भासणाऱ्या दिवसापेक्षा अधिक अनुकूल ठरते. देशावरील कक्षांना बाष्पीभवनाचा आश्रय घेता येतो. कोकणपट्टीला वर्षातील पुष्कळ महिने तो मिळत नाही.

ह्या आश्रयालाही किंमत आहे, आणि ती पीयूईत कोठेच दिसत नाही. पाण्याची सुप्त उष्णता लक्षात घेता एक युनिट उष्णता घालविण्यास सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन जाते. एका मेगावॉटचे केंद्र दिवसभर केवळ बाष्पीभवनावर थंड ठेवावयाचे तर रोज सुमारे ३५,००० लिटर पाणी हवेत जाईल. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळेच. मराठवाड्यात अथवा सोलापूरकडे असे केंद्र उभारून गुणोत्तर १.२ आल्याचा अभिमान बाळगणे हे विजेची बचत पाण्याच्या खात्यावर टाकण्यासारखे आहे. ग्रीन ग्रिडने २०११ साली पाण्यासाठी निराळे गुणोत्तर सुचविले खरे. परंतु जाहिरातीत ते क्वचितच आढळते. बाष्पीभवनाचे नियंत्रण नाजूक असते हेही येथे नमूद करावयास हवे. २०११ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत प्राइनव्हिल येथील फेसबुकच्या केंद्रात नियंत्रण-प्रणालीच्या गफलतीने इतकी दमट हवा आत फिरू लागली की इमारतीच्या आत अक्षरशः ढग जमला व काही सर्व्हर निकामी झाले. ‘क्लाऊड’ ह्या शब्दावर त्या काळी पुष्कळ विनोद झाले असणार!

येथवर गुणोत्तराने आपल्याला योग्य मार्ग दाखविला. त्याची मर्यादा आता पाहू.

एका विभागाचा कक्ष कल्पू. त्यात २० सर्व्हर आहेत. त्यांपैकी ८ खरोखर कामात असून प्रत्येकी ४०० वॉट घेतात. उरलेले १२ कोणा जुन्या प्रकल्पासाठी आणलेले, आता जवळजवळ रिकामे, परंतु चालू आहेत. रिकामा सर्व्हर वीज घेत नाही, असा वाचकांचा समज असेल तर तो सोडून द्यावयास हवा. गूगलमधील लुईझ बारोसो व उर्स होल्झले यांनी २००७ साली दाखवून दिले की सर्व्हर आपला बहुतेक काळ क्षमतेच्या १० ते ५० टक्के कामावर असतात आणि त्या काळचा चांगला सर्व्हरही काहीच करीत नसताना आपल्या कमाल विजेच्या सुमारे निम्मी घेतो. यंत्रे तेव्हापासून सुधारली आहेत. आपल्या कक्षांतील सर्व्हर मात्र बहुधा जुनेच असतात. तेव्हा रिकामा सर्व्हर २०० वॉट घेतो असे धरू. संगणकांची वीज झाली ३.२ अधिक २.४, म्हणजे ५.६ किलोवॉट. वातानुकूलन व यूपीएस यांची वीजही ५.६ किलोवॉट समजू. त्यांपैकी निम्मी, म्हणजे २.८ किलोवॉट, भार कितीही असला तरी लागणारी, आणि निम्मी भाराच्या प्रमाणात. एकूण ११.२ किलोवॉट; गुणोत्तर २.

आता ते १२ रिकामे सर्व्हर बंद केले. संगणकांची वीज ३.२ किलोवॉटवर आली. इतर खर्च २.८ अधिक १.६, म्हणजे ४.४. एकूण ७.६ किलोवॉट. वर्षाकाठी ३१,००० हून अधिक युनिटांची, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश, बचत झाली. आणि कामात तसूभरही उणीव आली नाही. परंतु गुणोत्तर? ते २ वरून २.३८ वर गेले! गुणोत्तराकडेच पाहणाऱ्या परीक्षकाने ह्या विभागाची कानउघाडणी केली असती.

ह्याच्या उलट प्रकारही घडतो. सर्व्हरच्या पोटात स्वतःचे पंखे असतात आणि त्यांची वीज ‘संगणनाची वीज’ म्हणून मोजली जाते. समजा संगणकांना १०० किलोवॉट लागतात, त्यांपैकी ८ ह्या पंख्यांना. वातानुकूलन आदींना ४०. गुणोत्तर १.४०. आता कक्षाचे तापमान उत्साहाच्या भरात ३० अंशांपलीकडे नेले. वातानुकूलन आदींचा खर्च ३५ वर आला. परंतु पोटातील पंखे ३० टक्के जोराने फिरू लागले आणि घनाच्या नियमाने त्यांची वीज ८ वरून १७.६ झाली. संगणकांची वीज म्हणून आता १०९.६ लिहिली जाईल, आणि एकूण १४४.६. पूर्वीपेक्षा वीज अधिक जळाली, परंतु गुणोत्तर १.३२ वर उतरले. अंश व छेद दोन्ही बदलणाऱ्या अपूर्णांकाकडे पाहून एकूण खर्चाचा निर्णय करू नये, हे गणिताच्या कोणत्याही विद्यार्थ्यास माहीत असते. तरीही बड्या बड्या निविदांत हेच गुणोत्तर एकमेव अट म्हणून घातलेले दिसते. २५ ते २७ अंशांच्या पुढे जाण्यात आपल्या कक्षांना फारसा लाभ नाही, असे म्हणावयाचे ते ह्याच कारणास्तव.

गुणोत्तराचा खरा दोष ह्याहूनही खोल आहे. छेदस्थानी वीज आहे, काम नाही. संगणकाने त्या विजेत काय केले हा प्रश्नच तेथे विचारला जात नाही. रोल्फ लँडॉवर यांनी १९६१ साली दाखविले की माहितीचा एक बिट पुसावयास निसर्गनियमाने एक किमान ऊर्जा लागतेच. परंतु ती इतकी सूक्ष्म आहे की आजच्या मंडलांत होणारा खर्च तिच्या हजारो पटींनी अधिक आहे. म्हणजे यंत्राच्या बाजूने सुधारणेस अद्याप वाव आहे. गणनपद्धतीच्या बाजूने तर तो कित्येकदा कल्पनेपलीकडे असतो. कूली व ट्यूकी यांनी १९६५ साली फूरिए-रूपांतराची जी जलद रीत प्रसिद्ध केली तिचे उदाहरण पुरेसे होईल. सुमारे १० लक्ष बिंदूंच्या, नेमके बोलावयाचे तर १०,४८,५७६ बिंदूंच्या, रूपांतरास सरळ रीतीने जितक्या क्रिया लागतात त्यांच्या तुलनेत जलद रीतीने लागणाऱ्या क्रिया सुमारे ५२ हजार पटींनी कमी असतात. वातानुकूलनाची कोणतीही सुधारणा, अगदी गुणोत्तर २ वरून १ वर आणणारीसुद्धा, दुपटीपलीकडे काही देऊ शकत नाही. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने आपली आज्ञावली दोन दिवस अधिक विचार करून लिहिली तर सर्व्हर-कक्षाची जी बचत होईल ती अभियंत्याच्या हातची नव्हे. ह्या बचतीचे श्रेय त्याला कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही, ही गोष्ट निराळी.

द्रवाने थंड करण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगावयास हवे, कारण तिची सध्या फार चर्चा आहे. तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. वरील ५ किलोवॉटच्या रॅकला मिनिटास सुमारे ७ लिटर पाणी पुरेल. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनविलेल्या आजच्या काही रॅक एकेकट्या १२० किलोवॉटच्या आसपास वीज घेतात. तेथे हवेचा उपयोग संपतो व चिपच्या अंगावरूनच द्रव फिरवावा लागतो. पुण्याच्या आयसर संस्थेत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनअंतर्गत बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ ह्या महासंगणकात अशीच थेट द्रव-शीतनाची योजना आहे. त्यात आणखी एक लाभ असा की चिपला ४० अंशांचे पाणीही चालत असल्याने मुंबईच्या दमट हवेतदेखील शीतक यंत्रावाचून काम भागू शकते. परंतु दहा-वीस सर्व्हरांच्या कक्षात ह्या पद्धतीचा विचार करणे म्हणजे विहिरीवर धरणाचा नकाशा पसरण्यासारखे आहे.

अशा लहान कक्षासाठी क्रम कोणता असावा? प्रथम रिकामे सर्व्हर हुडकून बंद करावे अथवा अनेकांची कामे एका यंत्रावर एकत्र आणावी. त्यानंतर हवेच्या वाटा वेगळ्या कराव्या. मग तापमान हळूहळू, आठवड्याला एक अंश ह्याप्रमाणे, २५ वा २६ पर्यंत न्यावे. भार कमी झाल्यावर वातानुकूलन यंत्रांपैकी एखादे व अवाढव्य यूपीएसचा एखादा भाग बंद करता येतो, आणि तेव्हाच वर सांगितलेला २.८ किलोवॉटचा अचल खर्च खाली येतो. नवी यंत्रे विकत घेण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. निविदा मात्र बहुधा तेथूनच सुरू होतात, कारण बंद करण्यासाठी अंदाजपत्रकात सदर नसते.

ह्यात खरी अडचण तांत्रिक नाही. सर्व्हर विकत घेतो विभाग, तो चालू ठेवावयाचा की नाही हे ठरवितो प्राध्यापक, आणि विजेचे देयक मात्र जाते विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेकडे, संपूर्ण आवाराचे एकत्र. ज्याच्या हाती बटण आहे त्याला आकडा दिसत नाही व ज्याला आकडा दिसतो त्याला कक्षाची किल्ली मिळत नाही. म्हणून कक्षाला स्वतंत्र मीटर बसविणे, तसेच यूपीएसच्या अलीकडे व पलीकडे एकेक मीटर ठेवणे, हे पहिले काम होय. जोडीला प्रत्येक रॅकच्या तोंडाशी तळाला व माथ्याला एकेक तापमापक असावा. दोहोंतील फरक तीन-चार अंशांहून अधिक आढळला तर हवा मिसळत आहे असे खुशाल समजावे. नोंदी एकूण युनिटांत ठेवाव्या, गुणोत्तर हवे तर बाजूला लिहावे. मोजणी मे महिन्यात, जुलैत व डिसेंबरात प्रत्येकी सात दिवस, रात्रीच्या आकड्यांसह करावी. परीक्षांचे निकाल लावण्याचे दिवस तेवढे वगळू नयेत. वर्षातील खरा शिखर-भार बहुधा त्याच दिवसांत दिसतो.